जंगल शिकवा, पण गणितही शिकवा

५ जून जवळ आला की सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत एकच धांदल उडते. खड्डा खणला जातो, रोप येते, साहेबांचा हात लागतो, फोटो निघतो, चहा-बिस्किटे होतात. पंधरा दिवसांत बकरी आपले काम करून जाते आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. अशा कार्यक्रमांचा खर्च कागदावर कसा उतरतो ते आम्हाला ठाऊक आहे. त्यात रोपाला वर्षभर पाणी घालणाऱ्याच्या मजुरीचा रकाना नसतो. म्हणून या वेळी आम्ही झाडे लावण्यावर लिहिणार नाही. झाड, पाणी आणि माती यांची राखण करायला मुलांना व मास्तरांना शिकवावे कसे, आणि त्यात आपल्या कष्टकरी घरांचा फायदा की तोटा, यावर लिहिणार आहोत. उदाहरण घेतले आहे ते सातपुड्यातील धडगावचे.

पर्यावरणाचे शिक्षण ही काही कोणाची हौस नव्हे. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१-क आले. वने, तळी, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे त्यात प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. पुढे एम. सी. मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा असे निर्देश दिले. अंमलबजावणी ढिली पडली, म्हणून २००३ साली पुन्हा बजावले. आज प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास आहे, पुढच्या वर्गांतही धडे आहेत. म्हणजे पुस्तकाची उणीव नाही. प्रश्न दुसराच आहे. हे शिकवणार कोण? आणि ज्यांना शिकवायचे त्या मुलांना आधीपासून काय काय येते, हे कोणी विचारले आहे का?

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला, त्यातला हा डोंगराळ तालुका. उत्तरेला नर्मदा, सभोवती सातपुड्याच्या रांगा, आणि वस्ती मुख्यतः पावरा व भिल्ल बांधवांची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात शंभरातील सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत. साक्षरता ६४ टक्क्यांच्या घरात, म्हणजे राज्यात सर्वांत कमी.

हा आकडा वाचून आपण हळहळतो. पण त्याच डोंगरातील आठ-नऊ वर्षांचे पोर मोहाचे फूल कोणत्या महिन्यात गळते आणि ते पहाटेच का वेचावे लागते, हे सांगते. चारोळी कधी पिकते, कोणत्या ओहोळाला होळीनंतरही पाणी असते, गुरे कोणत्या पाल्याला तोंड लावत नाहीत, हे त्याला पाठ असते. तेच पोर शाळेत येते तेव्हा मास्तरांची मराठी त्याला कळत नाही आणि त्याची पावरी मास्तरांना कळत नाही. 'झाडांचे उपयोग लिहा' हा प्रश्न फळ्यावर पडतो. पन्नास झाडे ओळखणारे मूल गप्प बसते आणि नापास ठरते. शंभरात ३६ निरक्षर असे आपण मोजतो, पण त्या ३६ जणांना काय येते याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

याच भागात तीन दशकांपूर्वी एक वेगळा प्रयोग उभा राहिला. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे आली. त्या गावांत शाळा कागदावर होती, पण गुरुजींचे दर्शन दुर्मीळ, ही लोकांची जुनी तक्रार होती. नर्मदा बचाओ आंदोलन आणि गावकरी यांनी मिळून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत 'जीवनशाळा' काढल्या. मुले तिथेच राहणार, शिक्षक बहुतेक त्याच भागातील शिकलेले तरुण, आणि सुरुवात मुलाच्या बोलीतून. गावातील म्हाताऱ्यांच्या कथा, डोंगरातील झाडे, नदी, पिके हे सगळे अभ्यासात आले. 'लढाई-पढाई साथ-साथ' ही त्यांची घोषणा. पाणी वाढले तेव्हा काही शाळा बुडाल्या. लोकांनी त्या पुन्हा वर बांधल्या.

धरणाबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असतील. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. आम्हाला या शाळांतील दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की गावातील अडाणी समजला जाणारा माणूस तिथे शिकवणारा झाला. दुसरी ही की तेवढ्यावर शाळा थांबली नाही. मुले मराठी शिकली, गणित शिकली, सरकारी परीक्षांना बसली, पुढच्या शाळांत गेली. त्यांतील काही जण शिकून शिक्षक झाले. बोलीतून सुरुवात केली म्हणून मूल मागे पडले नाही.

अशी कल्पना महाराष्ट्राला अगदीच नवी नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांची मुले गुरे-बकऱ्या घेऊन रानात जात, शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात नेली. तिचे नावच 'कुरणशाळा'. गुरे चरताहेत, आणि झाडाखाली मुले पाने-बिया मांडून अंक शिकताहेत. मूल शाळेत येत नाही असे म्हणून मुलाला दोष देणे सोपे आहे; या बायांनी शाळाच मुलापर्यंत नेली.

त्याच्याही कितीतरी आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच त्यांनी दिली होती. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्य, आणि त्यांच्याच जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान. शिक्षक कसा असावा हेही त्यांनी सांगितले. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, मुलांत मिसळणारा असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. जोतीरावांची यादी नीट पाहा. शेती आहे आणि हिशेबही आहे. एकासाठी दुसरे त्यांनी वगळले नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण आपल्या वाचकांच्या मनात इथे एक शंका आल्याशिवाय राहणार नाही, आणि ती शंका रास्त आहे. शहरातल्या बड्या शाळांतील मुले संगणक आणि इंग्रजी शिकणार, आणि आमच्या, आदिवासींच्या मुलांनी झाडे मोजत बसायचे काय? 'तुमच्याकडे परंपरागत ज्ञान आहे हो' असे गोड बोलून आपल्याला जागच्या जागी ठेवण्याचा हा नवा डाव तर नाही ना? आपल्या वाडवडिलांनाही असेच सांगितले गेले होते. ढोर ओढणे, कातडे सोलणे, झाडू मारणे हेच तुमचे कौशल्य, ते सोडू नका! ते सोडा, असे १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले, म्हणून तर आज आपण हे वाचतो-लिहितो आहोत. तेव्हा निसर्ग-शिक्षणाचे नाव ऐकून ज्या आई-बापाच्या कपाळावर आठी पडते, त्याला आम्ही मागासलेला म्हणणार नाही. त्याने ठेच खाल्लेली आहे.

आमचे उत्तर असे. ज्या शिक्षणात जंगल आहे पण गणित नाही, ते आपल्या कामाचे नाही. आणि ज्या शिक्षणात गणित आहे पण आपल्या पायाखालची जमीन नाही, ते मुलाला परके करते. दोन्ही एकत्र हवे, आणि ते एकत्र येऊ शकते.

धडगावचाच दाखला घ्या. उन्हाळ्यात त्या भागात घरोघर आमचूर होतो. कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, फोडी करायच्या आणि उन्हात वाळवायच्या. बाया-पोरांसकट सगळे घर राबते. मग माल व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतो आणि भाव व्यापारी सांगतो तो. आता एखाद्या शाळेने एवढेच करावे. दहा किलो कैरी मुलांच्या हाताने तोलावी. साल व कोय किती निघाली ते लिहावे. फोडी वाळत घालून रोज त्याच वेळी वजन करावे, घट थांबेपर्यंत. दहा किलोंतून किती किलो उतरला, टक्केवारी किती, सोलायला किती माणसांचे किती तास गेले, रोजगार हमीच्या दराने त्या तासांची मजुरी किती, आणि हाती आलेला भाव किती? आठवड्याभरात मुलांना दशांश, टक्केवारी आणि सरासरी येईल. शिवाय काट्यात खोट असली तर ती ओळखणारे पोर घरात तयार होईल. हा धडा निसर्गाचा आहे, गणिताचा आहे आणि हक्काचाही आहे.

असे धडे कितीतरी आहेत. उन्हात एक मीटरची काठी उभी करा आणि तिची सावली मोजा. त्याच वेळी सागाची सावली मोजा. काठीची सावली अर्धा मीटर आणि सागाची सहा मीटर भरली तर झाडाची उंची बारा मीटर. हीच शाळेतली त्रैराशिके आणि समरूप त्रिकोण. झाडाचा घेर जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर मोजण्याचा वनखात्याचा रिवाज आहे. दरवर्षी त्याच झाडाचा घेर वहीत लिहिला तर वाढ कळते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. मग वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटर! हे गणित धडगावच्या पाड्यावर जसे चालते तसे कल्याणच्या चाळीत आणि नाशिकच्या झोपडपट्टीतही चालते. जिथे हंडाभर पाण्यासाठी आपल्या आया-बहिणी रांगेत उभ्या राहतात, तिथे पाचशे लिटरचा हिशेब मुलांना समजलाच पाहिजे.

बियाणांचेही तसेच. धडगाव परिसरात मका व ज्वारीची स्थानिक वाणे शेतकऱ्यांच्या शेतातच जपण्याचे काम बायफ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर केले आहे. २०२२ साली महाराष्ट्र सरकारने राज्याच्या जनुक कोशाचा प्रकल्प मंजूर केला, त्यातही स्थानिक पिकांची वाणे जपणे हा एक विषय आहे. कोणते कणीस बियाण्यासाठी राखायचे हे बहुधा घरातील बाईच ठरवते. तिचे ते ज्ञान वहीत उतरवणे हे शाळेचे काम आहे. आजी गेली की ते ज्ञान तिच्याबरोबर जाते, मग कोशात ठेवायला काही उरणार नाही.

मात्र एक इशारा द्यायला हवा. जुने तेवढे सोने असे मानण्याचे कारण नाही. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची चाल अनेक जंगलांत आहे. त्यातून वणवे लागतात आणि नवी रोपे मरतात. पाला झाडून काढला किंवा जाळी अंथरली तर फूलही मिळते आणि जंगलही राहते. आजारपणाचा दोष एखाद्या निराधार बाईवर 'डाकीण' म्हणून ढकलण्याची क्रूर चाल सातपुड्यात आहे. भगत-मांत्रिकांचे खेळ आपल्या वस्त्यांतही चालत आले आहेत. याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. झाडपाल्याची माहिती आदराने लिहून घ्यायची आणि ती तपासायची. अंधश्रद्धा मात्र लिहून घेऊन जपायची नाही. विज्ञान शिकलेला शिक्षक यासाठीच हवा.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. राखण करायची तर हक्क लागतो. जे जंगल आपले नाही असे रोज सांगितले जाते, त्याची राखण कोण करील? १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक जंगलाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला. या गावाची ताकद कशात होती? तिथे वर्षानुवर्षे अभ्यासगट चालले. गावकरी आणि बाहेरची जाणकार माणसे एकत्र बसत, कायदा वाचत, जंगल पाहत, चर्चा करत. निर्णय ग्रामसभा सर्वांच्या संमतीने घेई. प्रौढांची ती शाळाच होती. अक्राणी तालुकाही अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथील दहावीच्या मुलाला दूरच्या देशातील वर्षावनाची माहिती असावीच, पण आपल्या ग्रामसभेचा वनहक्काचा दावा कोणत्या टप्प्यावर अडला आहे हेही सांगता आले पाहिजे.

आता मास्तरांविषयी. त्यांना शिव्या देणे सोपे आहे. सपाटीवरचा, नुकताच डी. एड. झालेला मुलगा घाट चढून पाड्यावर येतो. भाषा येत नाही, राहायला जागा नाही, आणि वर माहितीचे तक्ते भरण्याचा धोशा. त्याला झाड ओळखायला कोणी शिकवले आहे? शिक्षकांचे प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात खुर्चीवर बसून होते. त्यातले चार दिवस तरी पाड्यावर व्हावेत. गावातील दोन जाणत्या बाया आणि एक गुराखी यांनी शिकवावे, त्याबद्दल त्यांना मानधन मिळावे, आणि मास्तरांनी त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसावे. पावरी किंवा भिलोरीतील दोनशे शब्द पहिल्या वर्षी शिकण्याची अट घालावी. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानेही शक्यतो मातृभाषेतून आणि कृतीतून शिकवावे असे म्हटले आहे. तेव्हा हे मागणे काही जगावेगळे नाही.

आपण शहरात राहणारे म्हणतील, आम्हाला कुठले जंगल? बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीकडे त्या नजरेने पाहा. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या या कष्टकऱ्यांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया. कोणते प्लॅस्टिक पुन्हा वितळते, कोणते नाही, ओला कचरा वेगळा केला नाही तर काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? शहराचे पर्यावरण खरे तर त्यांनी उचलून धरले आहे. पण शाळेत पर्यावरणावर बोलायला त्यांना किती वेळा बोलावले जाते? धडगावच्या गुराख्याला जो न्याय, तोच या ताईलाही हवा. तिच्या ज्ञानाला मान आणि दाम मिळो. आणि तिच्या मुलीला मात्र तेच काम करायची सक्ती न होवो. तिला हवे तर तिने रसायनशास्त्र शिकून त्याच प्लॅस्टिकवर संशोधन करावे.

तेव्हा घरात आणि वस्तीत काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो.

१) दर रविवारी एक तास वस्तीतील मुले एकत्र बसवा. प्रत्येकाला एक वही द्या. आसपासची झाडे, विहिरी, नाले, हातपंप यांची यादी करा. झाडाचे नाव आपल्या घरात जे म्हणतात तेच आधी लिहा, पुस्तकातले नंतर.

२) घरातील वडीलधाऱ्यांना मुलांनी प्रश्न विचारावेत. गावी कोणती पिके होती? कोणते पाणी आपल्याला भरू देत नसत? उत्तरे लिहून ठेवावीत. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांना पाणी हा केवळ भूगोलाचा धडा नाही हे निराळे सांगायला नको.

३) प्रत्येक नोंदीत एक आकडा हवा. वजन, लांबी, लिटर, रुपये, काहीही. आकडा असला की अर्ज करता येतो, जाब विचारता येतो.

४) मुलींना यात पुढे ठेवा. घरात पाणी, सरपण आणि बियाणे त्यांच्याच माथी येते. वहीसुद्धा त्यांच्याच हाती येऊ द्या.

शेवटची गोष्ट आई-बापांसाठी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. ही समिती केवळ सह्या करण्यासाठी नाही. पुढच्या बैठकीला मजुरीतून वेळ काढून जा आणि दोन मागण्या लेखी द्या. आमच्या वस्तीतील जाणत्या माणसाला महिन्यातून एकदा शिकवायला बोलवा, आणि त्याच दिवशी मुलांकडून त्या धड्याचे गणितही करून घ्या. मागणीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. कारकुनीतल्या इतक्या वर्षांत आम्ही एवढे शिकलो आहोत की पोच असलेला कागद सहज हरवत नाही.